चौक मध्ये ठेवा, पण खिडक्या समोरासमोर नकोत

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही साताऱ्याकडच्या, लग्न होऊन नागोयाजवळ सासरी आलात. घरात सात माणसं: ९२ वर्षांच्या आजेसासूबाई, सत्तरीच्या आसपासचे सासू-सासरे, तुम्ही दोघं आणि सात व चार वर्षांची मुलं. १९७८ सालचं लाकडी घर पाडून त्याच जागेवर नवं बांधायचं आहे. प्लॉट पूर्व-पश्चिम ११ मीटर, दक्षिणोत्तर २० मीटर, रस्ता दक्षिणेला. आजोळच्या वाड्यासारखा मध्ये चौक आणि भोवती सगळ्यांच्या खोल्या अशी तुमची कल्पना आहे. सासूबाई "छान आहे" म्हणाल्या, पण त्यापुढे त्यांचं मन कळत नाही, असं तुम्ही लिहिलं आहे.

मी पुण्यात शिकले आणि गेली एकोणीस वर्षं जपानात घरांचंच काम करते. त्यातली बरीच घरं दोन-तीन पिढ्यांची. म्हणून सांगते, सासूबाईंचं मन ओळखणं फारसं अवघड नाही. चौकाभोवती घर म्हणजे आपण दिवसभर सुनेच्या नजरेखाली आणि सून आपल्या, हे त्यांना दिसतंय. ते तोंडावर बोलून दाखवायची इथे रीत नाही. तुमची कल्पना चांगलीच आहे. फक्त चौक सगळ्यांनी एकत्र यायला हवा, असं तुम्ही धरून चालला आहात. माझा अनुभव उलटा आहे. जपानी घरात चौक चालतो तो माणसांमध्ये योग्य तेवढं अंतर ठेवतो म्हणून.

वाड्याच्या चौकात माणसं राबतात. तुळस असते, धुणं वाळतं, कुरडया-पापड उन्हात पडतात, कार्याचा मांडवही तिथेच पडतो. सोप्यातून अनवाणी खाली उतरायचं आणि तसंच वर यायचं, त्यात कुणाला काही वाटत नाही. इथे तसं होत नाही, कारण इथल्या घरात बाहेरचा पाय आत येत नाही. चौकात उतरायचं तर पायरीच्या दगडावर सपाता ठेवलेल्या हव्यात, त्या घालून उतरायचं, वर येताना दगडावर काढून पुढच्याला घालता येतील अशा वळवून ठेवायच्या. एवढ्याशा अडथळ्याने दिवसाच्या वीस फेऱ्यांच्या दोन होतात. म्हणून इथला नाकानिवा, म्हणजे घरातलं मधलं अंगण, मुख्यतः उजेड, वारा आणि नजरेला विसावा देण्यासाठी असतो.

क्योतोची जुनी व्यापारी घरं पाहिलीत तर हे लगेच पटेल. रस्त्यावर तोंड अरुंद आणि घर आत खोलच खोल, इतकं की त्याला 'वाम माशाचं अंथरूण' म्हणतात. त्या लांबोडक्या घराच्या मधोमध त्सुबोनिवा, म्हणजे इवलंसं अंगण असतं. एक त्सुबो म्हणजे साधारण ३.३ चौरस मीटर, दोन तातामी चटयांएवढी जागा. तिथे कुणी बसायला जात नाही. एखादा दगडी दिवा, पाण्याचं कुंड, थोडं नेचं. उन्हाळ्याच्या संध्याकाळी त्यावर पाणी शिंपडलं की तिथली हवा गार होते, मागच्या मोठ्या अंगणातली गरमच राहते, आणि या फरकाने मधल्या खोल्यांतून झुळूक वाहते. नागोयाचा दमट ऑगस्ट तुम्ही सोसता आहात, तेव्हा त्या झुळकेची किंमत तुम्हाला सांगायला नको. एसी लागेलच, पण जून आणि सप्टेंबरचे कितीतरी दिवस या झुळकेवर निघतात.

तुम्ही ओसाकाच्या आझुमा घराचाही उल्लेख केला आहे. तादाओ आंदो यांचं १९७६ चं हे घर मलाही फार प्रिय आहे. जेमतेम ५७ चौरस मीटरच्या पट्टीचे तीन भाग केले आणि मधला भाग आभाळाला उघडा ठेवला. पण तिथे दिवाणखान्यातून जेवणघरात किंवा संडासात जायचं तर उघड्यावरूनच जावं लागतं, पावसात छत्री घेऊन. त्या कुटुंबाने ते मनापासून स्वीकारलं. ९२ वर्षांच्या बाईंना जानेवारीच्या रात्री तसं जायला लावणारं घर मी काढणार नाही. तुमच्या घरात एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे छपराखालून, मोजे न भिजता जाता आलं पाहिजे. ही माझी पहिली अट.

आता ती नजरेची गोष्ट. सुरुवातीच्या काळात मी एक घर केलं होतं, तुमच्यासारखंच, आई-वडील एका बाजूला, मुलगा-सून दुसऱ्या बाजूला, मध्ये चार मीटरचा चौक. दोन्ही दिवाणखान्यांना चौकाकडे भिंतभर काच. ड्रॉइंगवर फार देखणं दिसत होतं. वर्षभराने तपासणीला गेले तर भर दुपारी दोन्हीकडचे जाड पडदे ओढलेले. चौकातलं मोमिजीचं झाड लालभडक झालं होतं आणि ते बघायला एकही डोळा नव्हता. आजी मला चहा देताना हळूच म्हणाल्या की समोरचं दिसतं त्याचं काही नाही, पण मी चार वाजता आडवी झाले तर सुनेला वाटतं माझं काही दुखतंय. सून वेगळ्या खोलीत म्हणाली की स्वयंपाक न करता बाहेरून आणलेलं उघडताना तिला चोरट्यासारखं होतं. दोघीही समंजस होत्या, भांडण मुळीच नव्हतं. चूक माझी होती. मी त्यांच्या खिडक्या एकमेकींच्या डोळ्यांत रोखल्या होत्या.

त्यानंतर मी एक शब्द जवळ बाळगून काम करते: केहाई. माणूस दिसत नसतानाही तो तिथे असल्याचं जाणवणं. दिवा लागला, नळ वाहिला, सरकतं दार हललं, एवढ्यावरून घर जागं आहे हे कळतं. म्हाताऱ्या माणसांच्या घरात हे फार मोलाचं. रोज सकाळी सहाला समोरचा आमादो, म्हणजे लाकडी झडप, सरकल्याचा आवाज येतो आणि एखाद्या दिवशी साडेसात झाले तरी आला नाही, तर जाऊन बघायचं. रोज मात्र जाऊन विचारायचं नाही, तब्येत कशी आहे म्हणून. चौकाने एवढं केलं की पुष्कळ झालं.

हे प्रत्यक्षात कसं आणायचं? चौकाच्या दोन बाजूंच्या खिडक्या किमान एक केन, म्हणजे १.८२ मीटरने, एकमेकींपासून सरकवा. तुमच्या ओट्यासमोरून सासूबाईंच्या बाजूचा पॅसेज तिरका दिसावा, त्यांची झोपायची किंवा बसायची खोली दिसू नये. पॅसेजमधून माणूस येतो-जातो, हलतं काहीतरी दिसतं, तेवढंच पुरे. आणि आजेसासूबाईंच्या खोलीला युकिमी-शोजी लावा. कागदाच्या सरकत्या दाराचा खालचा गुडघाभर भाग काचेचा असतो आणि त्यावरचा कागदी पडदा वर सरकवता येतो. जमिनीवर बसून बाहेरचं बर्फ बघता यावं म्हणून केलेली ही रचना. मला तिचा दुसराच उपयोग सापडला. गेल्या हिवाळ्यात मी केलेल्या एका घरी संध्याकाळी गेले होते. सुनेच्या स्वयंपाकघरातून चौकापलीकडे पाहिलं तर वरचा कागद नुसता पिवळसर उजळलेला, चेहरा-बिहरा काही नाही. खालच्या काचेतून आजींचे पांढऱ्या ताबी, म्हणजे जपानी मोजे, घातलेले दोन पाय, शेजारी मांजर, आणि मधूनमधून लोकरीचा गुंडा थोडासा गडगडत होता. सून भाजी चिरता चिरता एकदा तिकडे बघायची आणि परत कामाला लागायची. मला या घरासाठी आणखी काही वेगळं सांगायचं राहिलं नाही, इतकं ते बरोबर जमलं होतं.

आता तुमच्या प्लॉटवर येते. २२० चौरस मीटर, जमिनीवर ६० टक्के बांधता येतं, म्हणजे १३२ चौरस मीटर. उघडा चौक यात मोजत नाहीत. चौकावर येणारी वळचण एक मीटरपर्यंत मोजत नाहीत, पण नंतर कुणी हौसेने चौकावर प्लास्टिकचं पारदर्शक छप्पर टाकलं तर तो बांधकामातच धरला जातो. ते करू नका, कायद्याच्या दृष्टीनेही नको आणि वाऱ्याच्या दृष्टीनेही.

मी असं मांडेन. रस्त्याकडून साडेपाच मीटर दोन गाड्यांसाठी. मग साडेनऊ मीटर लांब आणि साडेचार मीटर खोल असा एकमजली सोपा, आजेसासूबाई आणि सासू-सासऱ्यांचा. त्याच्या पश्चिम टोकाला गेन्कान, म्हणजे चपला काढून आत यायची जागा, सगळ्यांची एकच. त्यामागे चार मीटरचा चौक. त्याच्या उत्तरेला पाच मीटर खोल दुमजली भाग, तुमचा. दोन्हींना जोडणारी २.७ मीटर रुंदीची बाजू पश्चिमेला, कारण तिकडून येणारं दुपारनंतरचं ऊन नकोच असतं. पूर्वेची बाजू उघडी, तिथे फक्त फटींचं लाकडी कुंपण. म्हणजे चारी बाजूंनी बंद चौसोपी न करता तीन बाजूंचं घर. जमिनीवर साधारण १०१ चौरस मीटर, वरचा मजला धरून दीडशेच्या आत. दोन्ही बाजूंना पाऊण मीटर मोकळं ठेवलंय. कायदा सीमेपासून ५० सेंटिमीटर म्हणतो, पण पन्नासात शिडी घेऊन माणूस वळत नाही.

वडीलधाऱ्यांना दक्षिणेला आणि एकमजली का, हे जरा थांबून बघा, कारण बहुतेक घरं इथेच फसतात. नागोया साधारण ३५.२ अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या सर्वांत लहान दिवशी दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३१ अंश वर येतो. दक्षिणेचा भाग एकमजली, ३.३ मीटर उंच ठेवला तर चार मीटर चौक ओलांडून त्याची सावली तुमच्या भिंतीवर ८५ सेंटिमीटरच्या आसपास संपते. त्याच्यावर सगळं ऊन, म्हणजे तळमजल्याच्या खोलीत हिवाळ्याची दुपार पोचते. तोच भाग दुमजली, ६.२ मीटर केला तर सावली भिंतीवर पावणेचार मीटरपर्यंत चढते. मग तुमच्या तळमजल्याला डिसेंबरमध्ये दुपारी उन्हाची तिरीपसुद्धा नाही, चौक ओला आणि काळवंडलेला. "चौक केला पण अंधारलाय" अशी तक्रार घेऊन जी घरं माझ्याकडे येतात त्यांत बहुतेक वेळा हेच झालेलं असतं. उन्हाळ्यात उलट. जूनमध्ये सूर्य ७८ अंशांवर असतो, ९० सेंटिमीटरची वळचण दक्षिणेची पूर्ण उंचीची खिडकी आरामात झाकते.

शिवाय एकमजली म्हणजे डोक्यावर नातवंडं नाहीत. पहाटे लवकर उठणारी आणि रात्री साडेआठला झोपणारी माणसं खाली, आणि रात्री दहापर्यंत धावणारी चार वर्षांची मुलगी वर, यातून जेवढी कुरबुर होते तेवढी स्वयंपाकघरावरून होत नाही.

खर्चाचं खरं सांगितलं पाहिजे. १०१ चौरस मीटरचा सरळ चौकोनी ठोकळा बांधला तर तळमजल्याची बाहेरची भिंत सुमारे ४० मीटर भरते. या आकारात ती ६० मीटरच्या जवळ जाते. दीडपट भिंत, दीडपट पाया, जास्त कोपरे, जास्त खिडक्या. उष्णताही दीडपट वाटांनी बाहेर जाते. एप्रिल २०२५ पासून नव्या घरांना ऊर्जा-मानक सक्तीचं झालं आहे. तुमच्या भागात घरातून निसटणाऱ्या उष्णतेचा सरासरी आकडा ०.८७ च्या आत असावा लागतो. तेवढ्यावर समाधान मानू नका. चौकाच्या घरात मी ०.४६ चं लक्ष्य धरते, म्हणजे दुहेरी-तिहेरी काच आणि प्लास्टिकच्या चौकटी. अॅल्युमिनियमच्या चौकटी स्वस्त पडतात, पण हिवाळ्याच्या सकाळी त्यांच्यावरून पाणी ओघळतं आणि खालची लाकडी फळी दोन वर्षांत काळी पडते.

भूकंपाबद्दल. सध्याचं घर १९८१ च्या आधीचं, म्हणजे जुन्या नियमांचं, तेव्हा पाडायचा निर्णय योग्यच. पण तीन बाजूंचं घर जमीन हलली की तीन वेगवेगळ्या तऱ्हेने हलायला बघतं आणि आतल्या कोपऱ्यांवर ताण येतो. त्यात चौकाकडे सगळी काच आणि बाहेरच्या बाजूला सगळी भिंत ठेवली की घर पिळवटतं. म्हणून चौकाच्या प्रत्येक बाजूला, मन मोडलं तरी, एक केनची भरीव भिंत ठेवायचीच. गंमत अशी की खिडक्या सरकवल्यावर ही भिंत आपोआप मिळते, नजर अडवते आणि घरही धरून ठेवते. आर्किटेक्टला दोन गोष्टी स्पष्ट सांगा: भूकंपरोधाची श्रेणी ३, म्हणजे सर्वांत वरची, हवी, आणि ती नुसत्या भिंती मोजून नको, प्रत्येक खांब-तुळईचा ताण काढणाऱ्या सविस्तर गणिताने हवी. कुमामोतोत एप्रिल २०१६ मध्ये २८ तासांच्या अंतराने, जपानी तीव्रता-मापावर ७ चे दोन धक्के बसले, तेव्हा माशिकीच्या पाहणीत श्रेणी ३ ची १६ लाकडी घरं होती. १४ घरांना काही झालं नाही, दोन घरांचं किरकोळ नुकसान झालं. एप्रिल २०२५ पासून दुमजली लाकडी घराची ही कागदपत्रंही तपासली जातात आणि परवानगीला ३५ दिवसांपर्यंत धरतात. वेळापत्रकात तेवढी जागा ठेवा.

पाण्याकडे मात्र माझ्यासारखं वेडं व्हा. चौकात पडलेलं पाणी घरातच येणार, दुसरीकडे जाणार कुठे? सप्टेंबर २००० च्या पावसात नागोयाला एका तासात ९७ मिलिमीटर पडला होता. तेवढा पाऊस धरा. तुमचा चौक सुमारे २७ चौरस मीटर. ताशी १०० मिलिमीटरला दर मिनिटाला ४५ लिटर पाणी. त्यात छपरांचा उतारही चौकाकडे दिला तर तेच तिपटीवर जातं. तेव्हा छपरं बाहेरच्या बाजूला उतरवा. चौकाकडे पागोळ्यांचा नाद हवा असेल तर एका कोपऱ्यात एकच पन्हाळ सोडा आणि तिथे साखळी लावा, पाऊस तिच्यावरून उतरताना बघत बसावं असं वाटतं. चौकातून बाहेर जाणाऱ्या नळाची तोंडं दोन हवीत, एक खाली आणि एक हातभर वर, म्हणजे खालचं पानांनी तुंबलं तरी वरचं चालू राहील. चारी बाजूंनी बंद चौक असता तर हा नळ घराच्या पायाखालून न्यावा लागला असता, आणि तो तुंबला की फरशी उकरायची वेळ. तुमची पूर्व बाजू उघडी आहे, पाणी सरळ तिकडून जाईल. तीन बाजूंचा आकार निवडायचं माझं निम्मं कारण हेच आहे.

घर जमिनीपासून साधारण अर्धा मीटर उंच असतं. चौकाकडे लाकडी एन्गावा, म्हणजे इथली ओसरी, घराच्याच पातळीवर काढा, उंबरठा न ठेवता. चौकाची जमीन थोडी वर घेऊन हा फरक ४० ते ४५ सेंटिमीटर ठेवला की आजेसासूबाईंना कडेवर बसून पाय खाली सोडता येतात, आणि हात टेकून उठताही येतं. वाड्याच्या ओसरीच्या जोत्याची उंचीही साधारण हीच असते. आजोळचं काही आणायचंच असेल तर मी हे आणेन.

झाड एकच. आओदामोसारखं विरळ पानांचं, हिवाळ्यात पानं गाळणारं, म्हणजे तेव्हा ऊन आत येईल. क्योतोच्या मंदिरातलं शेवाळ नागोयाच्या उन्हात टिकत नाही, हट्ट करू नका. त्याऐवजी र्यूनोहिगे हे गवतासारखं बुटकं रोप लावा. एका कोपऱ्यात नांतेनचं झुडूप, त्याच्या नावात 'संकट परतवणं' असा अर्थ वाचतात म्हणून सासूबाईंना आवडेल. साचलेलं पाणी कुठेही नको, डास होतात. आणि पानं कोण झाडणार हे आधीच ठरवा. बहुतेक घरांत ते काम आजोबा आनंदाने घेतात, त्यांना रोजचं निमित्त हवं असतं.

वास आणि आवाज यांच्यासाठी चौक म्हणजे विहीर. तुमच्या हिंगाच्या फोडणीचा धूर आणि सासूबाईंच्या भाजलेल्या सानमा माशाचा धूर, दोन्ही पंखे बाहेरच्या बाजूला काढा, चौकात कदापि नाही. एसीची बाहेरची यंत्रं आणि पाणी तापवणारं एकोक्यूतही तिथे नको. ते रात्री चालतं, त्याची घरघर बारीक असली तरी चार भिंतींत घुमते आणि नेमकी म्हाताऱ्या माणसाला झोपू देत नाही.

स्वयंपाकघरं दोन करा. दुसरं छोटं चालेल, एक शेगडी, एक सिंक. १९७५ साली आसाही कासेई कंपनीने 'निसेताई-जूताकु', म्हणजे दोन कुटुंबांचं घर, हा शब्द बाजारात रुजवला, आणि तेव्हापासून यावर वाद चालू आहेत की काय सामायिक, काय वेगळं. माझं मत पक्कं आहे. सकाळचा नाश्ता वेगळा होऊ शकला पाहिजे. न्हाणीघर मात्र एकच ठेवा, पश्चिमेच्या जोडभागात, दोन्हीकडून सारख्या अंतरावर. रोज संध्याकाळी टबातलं तेच गरम पाणी एकामागून एक सगळे वापरतात, त्यामुळे आज कोण उतरलं, कोण नाही, हे न विचारता कळतं. कपडे बदलायच्या खोलीत हीटर हवाच. थंड खोलीतून एकदम गरम पाण्यात उतरल्याने इथे दर हिवाळ्यात कितीतरी वृद्ध दगावतात. तुमच्यासाठी वर एक शॉवर काढून ठेवा, रात्री उशिरा येणाऱ्या नवऱ्याला लागेल.

पॅसेजच्या रुंदीकडे लक्ष द्या. इथलं नेहमीचं मोजमाप ९१ सेंटिमीटरचं. खांबाची आणि बोर्डाची जाडी वजा केली की हातात ७८ उरतात. चाकाची खुर्ची त्यात सरळ जाते, वळत नाही. सोप्यातला पॅसेज मीटरच्या मापाने आखून घ्या आणि सगळी दारं सरकती ठेवा. पुढे आजेसासूबाईंना काळजी-विम्यात, म्हणजे वृद्धांच्या शुश्रूषेच्या सरकारी विम्यात, पात्रता मिळाली तर कठडे वगैरे बदलांसाठी २ लाख येनपर्यंतच्या खर्चावर साहाय्य मिळतं, पण भिंत रुंद करायला ते पुरणार नाही.

बुत्सुदान, म्हणजे पूर्वजांचा बौद्ध देव्हारा, कुठे हे सासऱ्यांना विचारा. मी तो गेन्कानजवळच्या खोलीत ठेवते, म्हणजे ओबोनला, पितरांच्या सणाला, नातेवाईक आले की हात जोडून, चहा घेऊन, तुमच्या स्वयंपाकघरातून न जाता परततात. ईशान्य दिशेबद्दल थोडं ऐकावं लागेल. इथे तिला किमोन म्हणतात, तिकडे संडास किंवा गेन्कान नको असतं, आणि कोपरा स्वच्छ हवा असतो. तुमच्या आई-वडिलांना तिथेच देव्हारा हवा असणार. दोन्हींचा मेळ बसतो: तुमच्या भागाच्या ईशान्य कोपऱ्यात देव ठेवा, सासूबाईंची काहीच हरकत असणार नाही.

नोंदणीबद्दल एक इशारा, कारण यात लोकांचे फार पैसे गेलेले पाहिलेत. दोन कुटुंबांचं घर म्हणून ते फ्लॅटसारखं दोन स्वतंत्र मालकीचे भाग करून नोंदवा, असा सल्ला कुणी देईल. जमीन सासऱ्यांची आहे. पुढे वारसा कर भरताना, एकाच घरात राहणाऱ्या मुलाला ३३० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीची किंमत ८० टक्के कमी धरायची सवलत मिळते. तुमची २२० चौरस मीटर जमीन पूर्ण त्यात बसते. २०१४ पासून आतून वेगळ्या असलेल्या घरांनाही ती लागू आहे. पण स्वतंत्र भागांची नोंदणी केली की मुलगा 'एकत्र राहणारा' धरला जात नाही आणि ती सवलत हातची जाऊ शकते. नकाशा पक्का होण्याआधी करसल्लागाराकडे अर्धा तास बसा.

आता लगेच करायचं ते. जुनं घर पाडून झालं की कंत्राटदार नव्या घराची आखणी जमिनीवर दोरीने करतो, जिनावा म्हणतात त्याला. तो दिवस घाईत जाऊ देऊ नका. आजेसासूबाईंना खुर्चीवर बसवून त्यांच्या खोलीच्या दोरीच्या आत ठेवा. तुम्ही तुमच्या ओट्याच्या जागी उभ्या राहा, सासूबाई त्यांच्या पॅसेजमध्ये. मुलांना चौकात सोडा. मग प्रत्येकाने आपापल्या जागेवरून काय दिसतंय ते सांगायचं. कुणी म्हणालं की जरा तिकडे सरकवा, तर त्या दिवशी ती दोरी सरकवायला खुंटी उपटण्यापलीकडे काही लागत नाही. सासूबाई जे आजवर बोलल्या नाहीत ते तिथे, दोरीकडे बोट दाखवून, बोलतील असं मला वाटतं. त्या कुठे सरकवा म्हणाल्या ते मला कळवा, मी नकाशात खिडकी कुठे घ्यायची ते काढून पाठवते.